कोळसा झाला तेव्हा बुरशी कुठे होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी दगडी कोळशावर एक लेख होता. माझ्या नातवाने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, तेव्हा लाकूड कुजवणारी बुरशीच नव्हती म्हणे. म्हणून झाडं पडून पडून साचली आणि त्यांचा कोळसा झाला. खरं आहे का?" मी भाजी निवडत होते. "अर्धं खरं आहे," असं म्हणून वेळ मारून नेली. रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं, अर्धं म्हणणंही जास्तच झालं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण कोळशाचा भाग तेवढा ठेवा.

लेख वाचनीय आहे, लेखकावर माझा राग नाही. ही गोष्ट इंटरनेटवर शंभर ठिकाणी अशीच सांगितलेली सापडते आणि ती चटकन पटते, हाच तिचा दोष. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या मुलांनी कोळशाबद्दल चुकीचं शिकावं, हे मला सहन होत नाही. माझे वडील घुग्घूसच्या खदानीत होते. एकदा त्यांनी डब्याच्या पिशवीतून काळसर पाटीसारखा एक दगड आणला. त्यावर लांबट पानाचा ठसा होता, मधली शीर ठसठशीत आणि बाजूला जाळी. "छतातून पडला," एवढंच ते म्हणाले. ते ग्लॉसॉप्टेरिस आहे, ग्रीकमधून आलेल्या त्या नावात जीभ आहे, आणि आमच्या शेगडीत जळणारा कोळसा बहुतांशी याच झाडांचा आहे, हे मला कळायला बी. एस्सी. उजाडलं. (आपल्या लेखात त्याच पानाच्या चित्राखाली 'नेचे', म्हणजे फर्न, असं छापलं आहे. नावातल्या 'प्टेरिस'चा अर्थ नेचा, त्यामुळे तसा घोटाळा होतो खरा, पण ग्लॉसॉप्टेरिस बी धरणारं झाड होतं, नेचा नव्हे.)

आता मुद्द्याकडे येते. ही कल्पना हवेतून आलेली नाही. लाकडाला लाकूडपण देणारा लिग्निन पचवणं फार अवघड असतं. ते काम नीट जमतं 'पांढरी कूज' घडवणाऱ्या बुरशींना. पावसाळ्यात अंगणात पडलेला ओंडका कधी फोडून पाहा. आतलं लाकूड पांढुरकं, तंतूतंतूंचं, मऊ झालं असेल तर ती पांढरी कूज. तपकिरी होऊन चौकोनी ढेपांत तडकलं असेल तर ती तपकिरी कूज. त्या बुरशीने सेल्युलोज खाल्लेलं असतं आणि लिग्निन बरंचसं तसंच टाकलेलं असतं. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात ३१ बुरशींच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली. त्यातल्या अंदाजानुसार लिग्निन तोडणारी विकरं (एन्झाइम) साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे कार्बनी युगाच्या शेवटाशेवटाला आली. कोळशाचे मोठे थर साचणंही त्याच सुमाराला कमी झालं. मग दोन्ही गोष्टी जोडून दाखवण्याचा मोह झाला. त्या संशोधकांनी ती एक शक्यता म्हणून मांडली होती. वर्तमानपत्रांत येईपर्यंत तिचं सत्य झालं.

चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, दुसऱ्या एका गटाने हिशेब मांडून ती खोडून काढली. त्यांचं एक म्हणणं असं, की कार्बनी युगाच्या दलदलीतली जी प्रचंड झाडं होती, लेपिडोडेंड्रॉनच्या जातकुळीतली, त्यांच्यात लाकूड फार थोडं होतं. त्यांचा डोलारा जाड सालीवर उभा असे, त्यामुळे तिथल्या कोळशाची गोष्ट लिग्निनवर बेतता येत नाही. दुसरं म्हणणं मला अधिक आवडतं. लिग्निन खरोखरच कुजत नसतं, तर झाडांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून ओढून दहा लाख वर्षांच्या आत संपवला असता. कार्बनी युग तर सहा कोटी वर्षं चाललं. म्हणजे कोणीतरी लाकूड खात होतंच.

खाणारा कोण, याचा पुरावा दगडांत आहे. अमेरिकेतल्या इंडियानात डेव्होनी युगाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे कार्बनी युगाच्याही आधीचं, कॅलिझायलॉन नावाचं जीवाश्म लाकूड मिळतं. १९८५ साली त्याच्या कापांत बुरशीचे तंतू दिसले, आणि पेशीभित्तींची झीज पांढऱ्या कुजेशी मिळतीजुळती निघाली. फ्रान्समध्ये सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका नेच्यात असे तंतू सापडले, ज्यांच्या सांध्यांवर छोटी कडी असते. ही कडी आजच्या भूछत्रांच्या कुळाची खूण आहे. आमच्या जंगलात पहिल्या पावसानंतर ज्या सात्या निघतात, त्यांच्या नातलगांचा माग इतका मागे जातो.

आणि आमच्या कोळशाचं काय? वर्धा खोऱ्यातला कोळसा कार्बनी युगाचा नाहीच. तो त्यानंतरच्या पर्मियन काळातला, बराकर नावाच्या खडकथरांतला. म्हणजे २०१२ च्याच घड्याळाने मोजलं, तरी आमची झाडं दलदलीत पडली तेव्हा पांढऱ्या कुजेची बुरशी जगात आलेली होती. अंटार्क्टिकात, तेव्हा आपल्याच गोंडवन भूखंडाला जोडलेल्या भागात, पर्मियन काळातलं, सिलिका मुरून दगड झालेलं लाकूड मिळतं. त्याच्या आत पांढऱ्या कुजेचे पोकळ कप्पेच्या कप्पे आहेत, आणि १९८६ मध्ये त्यांचं वर्णन झालेलं आहे. तिकडच्या ग्लॉसॉप्टेरिसच्या मुळांतही बुरशी सापडली आहे. ही मात्र खाणारी नव्हे, सोबत करणारी. तिच्याकडे मी पुढे येते.

मग कोळसा साचला कसा? उत्तर साधं आहे आणि त्यात बुरशी नाही. पाणी आणि खचणारी जमीन. धरणाच्या बुडीत क्षेत्रात सागाचे जुने बुंधे उन्हाळ्यात उघडे पडतात, ते कधी पाहिलेत? जिथे पाणी वर-खाली होतं त्या रेषेवर बुंधा कुजून बारीक झालेला असतो. कायम पाण्यात राहिलेला भाग मात्र करवत लावली तरी कडक. बुरशीला हवा लागते. दलदलीच्या तळाशी प्राणवायू नसतो, तिथे ती हजर असूनही तिचे हात बांधलेले असतात. आता त्या दलदलीखालची जमीनच हळूहळू खचत राहिली तर वरून गाळ येतो, खालचं दाबलं जातं, पुन्हा झाडं, पुन्हा गाळ. वर्धा आणि गोदावरीची खोरी ही अशी खचलेली खोरीच आहेत. आणि बुरशी आल्याने कोळसा थांबला म्हणावं, तर नेयवेलीचं आणि कच्छचं लिग्नाइट (कोवळा, तपकिरी कोळसा) आलं कुठून? ते तर डायनासोर संपल्यावरचं. आपल्या रत्नागिरीत जांभ्या दगडाखाली लिग्नाइटचे पातळ थर आहेत, त्यांत पानांवर वाढणाऱ्या बुरशीच्या सूक्ष्म चकत्या मिळाल्याच्या नोंदी आहेत. बुरशीसकट लिग्नाइट झालं, आता याला काय म्हणायचं!

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. पण लेखातलं आणखी एक वाक्य मला टोचलं: "आधी झाडे आली, मग त्यांना खाणारी बुरशी आली." मुलांच्या डोक्यात बुरशीचं चित्र असं एकदा बसलं की निघत नाही. भाकरीला येते ती, लोणच्याला येते ती, नासवणारी. खरं तर जमिनीवर झाडं आली तीच बहुधा बुरशीचा हात धरून.

हे सांगायला स्कॉटलंडला जावं लागतं. ॲबर्डीनशायरमध्ये रायनी नावाचं गाव आहे. १९१२ साली एल्गिनचे एक डॉक्टर, विल्यम मॅकी, रुग्ण सांभाळून दगड पाहत फिरायचे. रायनीच्या शेतांच्या गडग्यांत त्यांना चर्टचे, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाचे, तुकडे दिसले. घासून पाहिलं तर आत अख्ख्या वनस्पती, पेशी न् पेशी शाबूत! हा थर जमिनीवर कुठे उघडा नाही, त्यासाठी पुढे चर खणावे लागले. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी तिथे उन्हाळी होती, आपल्या वज्रेश्वरीला किंवा उनपदेवला आहेत तसे गरम पाण्याचे झरे, पण सिलिकाने भरलेले. ते पाणी काठच्या झाडोऱ्यावर पसरलं, मुरलं, आणि कुजायच्या आत सगळं काचेसारखं थिजलं. झाडोरा म्हणजे तरी काय, वीतभर उंचीच्या हिरव्या काड्या. बहुतेकींना ना पान, ना खरं मूळ.

रॉबर्ट किड्स्टन आणि विल्यम लँग या दोघांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांवर पाच निबंध लिहिले. पाचव्यात बुरशी आहे, डझनाहून अधिक प्रकारांची. आकृत्या इतक्या नेटक्या, की आजही त्यांवर बोट ठेवून शिकवता येतं. मेलेल्या काड्यांवर वाढलेली ही बुरशी असावी, असाच त्यांचा एकंदर कल होता. मग सत्तर वर्षं फारसं कोणी तिकडे फिरकलं नाही.

न फिरकण्याचं कारण मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः त्याचा भाग होते. सत्तरच्या दशकात एम. एस्सी.ला असताना आम्ही नागपूरहून एस.टी.ने सौंसरला जात असू आणि तिथून मोहगाव कलानला. शेताच्या बांधावर काळी-करडी गारगोटी पडलेली असते. ती दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यातली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांची. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी याच मोहगावच्या दगडांतून एनिग्मोकार्पॉन नावाचं फळ जगापुढे आणलं. १९४३ साली त्यांनी आणि राव यांनी सौंसरच्या परिसरातल्या वनस्पतींवर लिहिलं, त्यात बुरशीची दखल आहे. नागपूरच्या विज्ञान संस्थेतल्या चितळे बाईंनी पन्नाशीच्या दशकात मोहगावच्या दगडांतल्या सूक्ष्म जीवाश्मांवर लिहिलं होतं. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात गेल्या. म्हणजे वाट आमच्याच गावातून गेली होती. तरीही आमच्या वर्गात काय चालायचं? दगडाचा काप काचेवर कार्बोरंडमची भुकटी टाकून घासायचा. आठ-आठ तास. बोटांची सालं जायची. एकदा माझा काप पुरेसा पातळ झाला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एका मुळाच्या पेशींत बारीक दोरे आणि गोल गोल फुगे. मी हरखून मार्गदर्शकांना बोलावलं. त्यांनी एक डोळा लावला आणि म्हणाले, "कुजकं आहे. स्वच्छ काप कर."

मी स्वच्छ काप केला. गुण चांगले पडले. ती काच मात्र फेकली नाही. ते दोरे सोबतीचे होते की कुजवणारे, हे त्या एका कापावरून आज मी सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही. पण जगभर किती काचा अशा 'कुजक्या' म्हणून टाकल्या गेल्या असतील, याचा विचार करते कधी कधी.

रायनीचे काप पुन्हा नीट पाहिले ते जर्मनीतल्या म्यून्स्टरच्या विनफ्रीड रेमी, हागेन हास, हान्स केर्प आणि अमेरिकेचे टॉमस टेलर यांनी. १९९४ मध्ये त्यांनी अॅग्लाओफायटॉन या काडीच्या सालीखालच्या पेशींत अर्बस्क्यूल दाखवले. अर्बस्क्यूल म्हणजे इवलंसं झाड. बुरशीचा तंतू पेशीत शिरतो आणि आत फांद्या फुटून त्याचं झुडूप होतं. पेशी मरत नाही. मेलेल्या पेशीत अर्बस्क्यूल होतच नसतो, कारण तिथे देवाणघेवाण चालू असावी लागते. बुरशी स्फुरद आणि पाणी आणून देते, झाड साखर देतं. चाळीस कोटी वर्षांपूर्वीची ती पेशी जिवंत असताना हा व्यवहार चालला होता, याचा याहून थेट पुरावा कोणता? आणि ज्या काडीला मूळच नव्हतं तिच्यात तो चालला होता. मुळाच्या आधी मुळाचा जोडीदार आला! या सोबतीला मायकोरायझा म्हणतात, आणि त्या शब्दात बुरशी आणि मूळ दोन्ही आहेत. १८८५ मध्ये फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो घडवला. रायनीत त्यातला दुसरा शब्द अजून जन्मायचा होता.

१९७५ साली पिरोझिन्स्की आणि मॅलॉक या संशोधकांनी म्हटलंच होतं, की जमिनीवर पाऊल टाकणं ही वनस्पती आणि बुरशी यांची भागीदारी होती. तेव्हा हातात पुरावा तोकडा होता. २००० मध्ये विस्कॉन्सिनच्या ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत अर्बस्क्यूल करणाऱ्या याच बुरशीगटाचे वाटणारे बीजाणू आणि तंतू सापडले. लाकूड जगात येण्याच्याही कोट्यवधी वर्षं आधीचे. मग "आधी झाडे, मग बुरशी" हे वाक्य उभं कसं राहणार?

सोबतीच्याच गोष्टी सांगितल्या तर तीही फसवणूक होईल. रायनीत पॅलिओनिटेला नावाची, आजच्या कारा या पाणशेवाळाच्या नात्यातली, पाण्यातली वनस्पती आहे. तिच्यावर एक परजीवी बुरशी बसली की बाधित पेशी फुगून नेहमीच्या कितीतरी पट मोठी होते. आजच्या काराच्या पेशीही अशा बाधेने फुगतात. नोथिया नावाच्या काडीने शिरलेल्या तंतूभोवती पेशीभित्त जाड केलेली दिसते. बुरशीच्या बीजाणूंतही दुसरी बुरशी घुसलेली आहे. भांडण, भागीदारी, उधारी, चोरी, सगळा गाव एका दगडात आहे.

लेखाच्या चौकटीतल्या त्या आठ मीटर उंच 'राक्षसी भूछत्रा'बद्दल एकच वाक्य. प्रोटोटॅक्साइट्सला १८५९ मध्ये डॉसनने सूचिपर्णी झाड समजलं, २००१ पासून ते बुरशी मानलं गेलं, आणि आता रायनीच्याच नमुन्यांची रासायनिक तपासणी करून काही जण म्हणताहेत की ते बुरशीही नव्हे. तेव्हा चित्र छापा, पण खाली प्रश्नचिन्ह ठेवा.

याचा आजच्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. आमच्याकडचा कुठलाही कास्तकार कृषी केंद्रातून मायकोरायझाचं पाकीट आणतो. दुकानदार सांगतो "मुळं वाढतात", आणि तो आणतो. शिकवत असताना मी मुलांना ज्वारीची मुळं पोटॅशच्या द्रावणात उकळून ट्रायपॅन ब्लूने रंगवायला लावत असे. निळी झुडपं दिसली की वर्गात शांतता पसरायची. रायनीच्या कापात आहेत तीच ती झुडपं, ज्वारीत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उघड्या ढिगाऱ्यांवर झाडं लावताना मुळांना ही बुरशी आणि रायझोबियम जिवाणू दिले होते. तिथे झाडं उभी राहिली. खाणीचा ढिगारा म्हणजे तरी काय, माती नसलेला खडक आणि वर ऊन. पहिल्या काड्यांपुढे तेव्हा होतं जवळपास तेच. घुग्घूसच्या रस्त्याने जाताना ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या दगडमातीचे, डोंगर दिसतात, त्यांवर एकेक बाभूळ धरलेली असते, तेव्हा तिच्या मुळांत कोण असेल हे मला न खणताही ठाऊक असतं.

तर विनंती अशी. पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापावा: चंद्रपूरचा कोळसा बुरशी नव्हती म्हणून झालेला नाही, आणि ग्लॉसॉप्टेरिस नेचा नव्हे. जागा असेल तर वडिलांच्या त्या दगडाचा फोटो पाठवते. ती 'कुजकी' काचही आहे, पण तिचा फोटो साध्या मोबाइलने येत नाही. कोणा शाळेकडे चालू अवस्थेतला सूक्ष्मदर्शक असेल तर मी काच घेऊन यायला तयार आहे. येण्याजाण्याचा खर्च नको, दुपारचा चहा द्यावा.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर

ता. क. नाव छापू नये. कॉलनीत आधीच मला 'बुरशीवाल्या बाई' म्हणतात.